शब्दविचार : ‘अमानुषीकरण’

शिरूर व दौंड ह्या तालुक्यांतील उपदेशक बंधूंच्या अभ्यासवर्गात वर्तमानपत्रांतील कठीण शब्दांचा अर्थ विचारण्याची चाल आहे, व ती चांगली आहे. ह्या खेपेस ‘अमानुषीकरण’ हा शब्द पुढे आला. कोणी तो ‘अमानवीकरण’ असाही लिहितात. विचारणाऱ्यांचे म्हणणे असे की, शब्द इतका लांब आहे की ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांस तो सांगता येत नाही, आणि सांगितला तरी त्यांस तो आपल्या कामाचा वाटत नाही. शब्द लांब आहे हे खरे. तो कामाचा नाही, हे मात्र आम्हांस मान्य नाही.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘मनुष्य’ ह्यापासून ‘मानुष’, म्हणजे मनुष्याचा किंवा मनुष्यासारखा. त्यास नकारार्थी ‘अ’ लागून ‘अमानुष’. हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे, आणि त्याचे पूर्वी दोन अर्थ होत. मनुष्याच्या शक्तीपलीकडचे जे असेल त्यासही अमानुष म्हणत. म्हणून जुन्या ग्रंथांत एखाद्या वीराचा ‘अमानुष पराक्रम’ वाचावयास मिळतो व तेथे ती स्तुती असते. आज तो अर्थ मागे पडला असून, क्रूर, निर्दय, माणसाला न शोभणारे, एवढाच अर्थ उरला आहे. ‘अमानुष मारहाण’ असे आपण म्हणतो तेव्हा दोष मारणाराच्या वर्तनाला देतो. मार खाणाराविषयी त्या शब्दात काहीच सांगितलेले नसते.

‘अमानुषीकरण’ ह्याची गोष्ट निराळी आहे. येथे ‘करण’ जोडताना मधला ‘अ’ जाऊन ‘ई’ आली आहे. संस्कृत व्याकरणात ह्याला च्वि प्रत्यय म्हणतात, आणि पाणिनीच्या परंपरेत त्याची अट अशी सांगितली आहे की, जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे. जे शुद्ध नव्हते ते शुद्ध केले म्हणजे शुद्धीकरण. जे स्थिर नव्हते ते स्थिर केले म्हणजे स्थिरीकरण. ह्याच न्यायाने, जो अमानुष नव्हता, अर्थात जो माणूसच होता, त्याला माणूस नव्हे असे ठरविणे म्हणजे अमानुषीकरण. वाचकांनी ही अट नीट ध्यानात घ्यावी. ज्याच्याविषयी हा शब्द योजिला जातो तो मूळचा माणूस आहे, अशी साक्ष हा शब्द स्वतःच देतो. दगडाचे किंवा बैलाचे अमानुषीकरण होऊ शकत नाही. आणखी असे की, ‘करण’ आले म्हणजे कर्ता आलाच. पाऊस पडला नाही किंवा साथ आली, तर त्याला हा शब्द लागत नाही. कोणीतरी ते केलेले असावे लागते, मग तो एक मनुष्य असो, एक गाव असो की एखादा कायदा असो.

सोप्या मराठीत ह्याला कित्येक लेखक ‘माणूसपण हिरावून घेणे’ म्हणतात. आमच्या मते हा शब्दप्रयोग चालेल, पण तो पुरा बरोबर नाही. हिरावलेली वस्तू हिरावणाराच्या हाती जाते, आणि ज्याची गेली त्याच्याजवळ ती उरत नाही. माणूसपण असे कोणाच्या हाती जात नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी तरी ते जाते असे बोलू नये. कारण ते ज्याने दिले त्याच्यावाचून कोणास ते परत घेता येत नाही. ओट्यावरील म्हाताऱ्यांस त्यांच्याच तोंडचा शब्द सांगावा : ‘माणसात न धरणे’. ‘त्याला कोण माणसात धरतंय?’ असे ते रोज बोलतात. अमानुषीकरण ते हेच. येथे माणूस जसाच्या तसा असतो. धरणाराने धरिलेले नसते.

आता हे न धरणे बोलण्यात कसे उतरते ते पाहू. आपल्या भाषेत त्याला मोठी आयुधे लागत नाहीत. नावाच्या शेवटचे एक अक्षर पुरते. रामाचा राम्या होतो, गोपाळाचा गोप्या होतो, आणि साठ वर्षांच्या माणसास दहा वर्षांचे पोर त्या नावाने हाक मारते. पूर्वी आपल्या गावांत महार व मांग ह्या समाजांतील वृद्धांस हे नित्य सोसावे लागे, व त्यांनी मात्र पाटलाच्या पाळण्यातल्या मुलालाही आदरानेच बोलावयाचे असे. जातीच्या नावाला तुच्छतेचा प्रत्यय लावून केलेले शब्दही वाचकांस ठाऊक आहेत. ते येथे छापण्याची गरज नाही. तसेच नपुंसकलिंगाचे. अमक्या जातीचा मनुष्य आला असे न म्हणता, ‘अमक्याचं आलंय’ असे म्हटले की मनुष्याची वस्तू झाली.

परंतु येथे घाई करून भाषेलाच दोष देऊ नये. लेकरू, मूल, बाळ हे शब्दही नपुंसकलिंगीच आहेत, आणि त्यांत माया भरलेली आहे. आई आपल्या मुलाला ‘राम्या’ म्हणते तेव्हा कोणाचा अपमान होत नाही. ज्या घरी मुले जगत नसत त्या घरी धोंडू, केरू, दगडू अशी नावे मुद्दाम ठेवीत, हेतू हा की मृत्यूची दृष्ट लागू नये. धोंडा म्हटले म्हणून त्या आईने मुलाला माणसात धरिले नाही असे कोण म्हणेल? तेव्हा अक्षर पाहून निकाल देता येत नाही. कोण बोलतो, कोणास बोलतो, आणि ऐकणाराला उलट तसेच बोलण्याची मोकळीक आहे की नाही, हे पाहावे लागते. ह्या तिसऱ्या प्रश्नाने बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

कायद्याने हे काम कसे होते, ह्याचे उदाहरण आपल्याच तालुक्यांच्या शिवेवर आहे. शिरूर व दौंड येथील कित्येक गावांच्या बाहेर पारधी बंधूंच्या वस्त्या आहेत. फासे लावून शिकार करणारे म्हणून त्यांस फासेपारधी हे नाव पडले. म्हणजे नाव धंद्यावरून आले, जसे सुताराचे व लोहाराचे. पुढे १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या वेळी केलेला युक्तिवाद असा होता की, ह्या देशात धंदे जातीने चालतात. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा सुतार. तर मग गुन्हा करणारांचीही जात असलीच पाहिजे, आणि त्या जातीत जन्मलेला मनुष्य जन्मतःच गुन्हेगार असला पाहिजे. जातिभेदाची आपली जुनी समजूत परक्या राज्यकर्त्यांनी उचलून तिला कायद्याची मोहोर लावली, ही गोष्ट दोन्ही पक्षांस लाजविणारी आहे. हा कायदा प्रथम उत्तरेकडील प्रांतांस लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानावर झाली, आणि १९२४ साली त्याची पुन्हा एकत्र मांडणी झाली.

ह्या कायद्याचे चालणे असे होते. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावयाची. ती जाहीर केली ती बरोबर की चूक, हे कोणत्याही न्यायालयात विचारता येत नसे. मग त्या जमातीच्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, दुसऱ्या गावी जावयाचे तर परवाना. कित्येकांस कुटुंबासह वसाहतींत ठेवीत. त्या वसाहतींस लोक इंग्रजीवरून ‘सेटलमेंट’ म्हणत, आणि सोलापुराकडे तो शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. एखाद्या मनुष्याने काय केले हा प्रश्नच उरला नाही. तो कोणाच्या पोटी आला एवढेच पाहावयाचे. न्यायाच्या ज्या पहिल्या पायरीवर चोरसुद्धा माणूस म्हणून उभा असतो, तीच पायरी काढून घेतली होती.

येथे आमच्या वाचकांपासून एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य नाही. अशा वसाहती चालविण्याचे काम सरकारने काही ठिकाणी ख्रिस्ती संस्थांकडे दिले होते. मुक्तिफौजेने उत्तर हिंदुस्थानात व मद्रासेकडे अनेक वसाहती चालविल्या. तेथे शाळा निघाल्या, माग चालले, आजाऱ्यांची सेवा झाली; त्यांत झटणाऱ्या कित्येकांच्या मनात दयाच होती ह्याविषयी आम्हांस शंका नाही. तरी दरवाजावर हजेरी होती, आणि आतील मनुष्य कोणत्याही खटल्यावाचून आत होता. दया आणि अमानुषीकरण एका आवारात नांदू शकतात, हे आम्ही ह्यावरून शिकतो. ज्याच्यावर दया करावयाची त्याला आपण आधी काय नाव दिले आहे, हे पाहिल्यावाचून दयेची परीक्षा पुरी होत नाही.

हा कायदा स्वतंत्र भारताच्या सरकारने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. त्या जमाती त्या दिवसापासून ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या, आणि ३१ ऑगस्ट हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळितात. परंतु शब्द कायद्याहून चिवट असतो. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला. त्यात जमातीचे नाव नव्हते, तरी जुनी नजर नव्या कागदातून पाहात राहिली. कित्येक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तर भटक्या व पूर्वी गुन्हेगार म्हटलेल्या जमातींचा उल्लेख सवयीचे गुन्हेगार म्हणून थेट चालूच होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल दिला, त्यात असे नियम घटनाबाह्य ठरविले. रद्द झालेल्या कायद्याचा शब्द बहात्तर वर्षे पुस्तकांत राहिला! आणि आपल्या गावी? शेळी चोरीस गेली की पहिली बोटे पारध्यांच्या पालांकडे वळतात. ती बोटे सगळीच परधर्मीयांची असतात असे आम्हांस म्हणता येत नाही.

लक्ष्मण गायकवाड ह्यांनी आपल्या आत्मकथनास ‘उचल्या’ हेच नाव दिले. ते १९८७ साली प्रसिद्ध झाले व पुढे त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जो शब्द अंगावर फेकला जात होता तोच त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर, आपल्या नावासह, छापिला. शब्दाचा डंख काढण्याचा हा एक मार्ग आहे. पण तो ज्याच्यावर शब्द फेकला गेला त्यालाच मोकळा आहे. आपण त्याचे अनुकरण करून दुसऱ्यास त्या शब्दाने संबोधू लागलो तर ते साहित्य होत नाही.

आता दुसरे उदाहरण. ह्यात शिवी नाही, राग नाही, कायदाही नाही. भीमा व मुळा-मुठा ह्यांच्या काठी आणि कालव्यांच्या पाण्यावर दौंड तालुका उसाने हिरवा झाला आहे; शिरूरकडेही घोडनदीच्या व कालव्यांच्या आश्रयाने ऊस वाढला. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना इत्यादी जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात व उन्हाळा लागेपर्यंत शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात. ह्या टोळ्या कशा मोजितात? ‘मुकादमाने बारा कोयते आणले.’ एक कोयता म्हणजे एक जोडपे, नवरा व बायको. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते व डोक्यावरून वाहते, कधी दोघे दोन्ही करितात. उचल दोघांच्या नावे एकत्र, हिशेब एकत्र. एकटा मनुष्य आला तर तो ‘अर्धा कोयता’.

हा शब्द कोणी दुष्टपणाने काढिलेला नाही. शेतकरी, मुकादम, कारखान्याचा कारकून, सगळे तो सहज वापरतात. तोडणारेसुद्धा ‘आमी दोन कोयते हाये’ असे स्वतःविषयी सांगतात. म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे. त्याचे परिणाम पाहा. कोयता हे जर एकक, तर स्त्रीला वेगळी मजुरी कोठून असणार? ती अर्ध्या कोयत्यात गेली. कोयता हे एकक, तर मुलगा कामाचा झाला की त्याचा पुरा कोयता व्हावा म्हणून लवकर लग्न, आणि मुलगी पंधरा-सोळाची होण्याची वाट कोणी पाहात नाही. कोयत्याला ताप येत नाही, त्याला बाळंतपण नसते. म्हणून कामावर न आलेला दिवस ‘खाडा’ म्हणून मांडितात व त्याचा पैसा कापितात. २०१९ साली बीड जिल्ह्यात शासनाने नेमलेल्या समितीने ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकिलेली आढळली. वैद्यकीय कारणे, फसवणूक, भीती, गरिबी, ही सगळी त्यात होती. आणि त्यांबरोबर खाडा पडू नये हा हिशेबही होता. एक लोखंडी अवजाराचे नाव माणसाला दिले, आणि मग त्याच्या देहाने त्या नावाला शोभेल असे वागावे अशी अपेक्षा सुरू झाली.

कोणी म्हणेल, ‘हात कमी पडले’, ‘दहा डोकी जेवावयास आहेत’ असेही आपण म्हणतो. मग कोयत्यानेच काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. हात व डोके हे मनुष्याचे अवयव आहेत. ते थकले तर मनुष्य थकला असे कळते. शिवाय दहा डोकी म्हणणारी गृहिणी त्या दहांची नावे जाणते, व कोणास तिखट चालत नाही तेही जाणते. ज्या उसावर आपले घर चालते तो तोडणाऱ्या बारा कोयत्यांपैकी कितींची नावे आमच्या बागाईतदार वाचकांस सांगता येतील?

नावे देण्याविषयी बोलतो आहोत, तर केडगावचा विषय टाळून चालणार नाही. ते दौंड तालुक्यातच आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) स्वतः विधवा होत्या. त्या काळी ब्राह्मण घरांतील विधवेची स्थिती काय होती, हे त्यांनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात जगापुढे मांडिले. केशवपन, आलवण, एक वेळचे जेवण, शुभकार्यात तोंड न दाखविणे हे तर होतेच. पण तिला हाक मारावयाचे जे शब्द होते, त्यांतील एक आज उघड शिवी आहे. विधवा हा अर्थ आणि शिवी हा अर्थ एकाच शब्दात राहात होते, ह्याहून अधिक काय सांगावे? १८८९ साली मुंबईस उघडलेले शारदासदन पुढे पुण्यास गेले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या मुली व विधवा आणि नंतर पुण्यातील प्लेग ह्यांमुळे रमाबाईंचे काम केडगावी आले. तेथील घरांना त्यांनी दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. सबंध वसतिस्थान ते मुक्तिसदन. ज्या स्त्रियांस समाज ‘पतित’ म्हणे त्यांचे घर कृपासदन. वृद्ध व दुर्बल स्त्रियांचे प्रीतिसदन. आत राहणाऱ्या स्त्रीला पत्ता सांगताना आपल्या अपमानाचे नाव उच्चारावे लागू नये, एवढी काळजी ह्या नावांत आहे. ‘पतितागृह’, ‘निराश्रितालय’ अशा पाट्या लावणाऱ्या सद्धेतूच्या संस्था पुष्कळ झाल्या. त्यांच्या चालकांनी केडगावास जाऊन पाट्या वाचल्या असत्या तर बरे झाले असते.

शिरूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ नदीच्या दुसऱ्या काठी, पेरणे येथे उभा आहे. त्यावर पडलेल्या शिपायांची नावे आहेत, आणि त्यांतील बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, ज्यावरून ते महार होते हे कळते. कंपनी सरकारने हा स्तंभ आपल्या विजयासाठी उभारिला, ह्याविषयी संशय नको. पण दगडावर नावे खोदिली गेली ती मात्र पुरी, मोडतोड न करिता. पुढे त्याच इंग्रजांनी १८९० नंतरच्या दशकात लढवय्या जातींची यादी करून महारांना फौजेचे दार बंद केले. तेव्हा यादीपुढे नावांचे काही चालले नाही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले, आणि तेव्हापासून लोक त्या दगडाकडे नावे वाचावयास जातात. पेशवाईच्या काळी पुण्यात अस्पृश्यांस गळ्यात मडके व कमरेला झाडणी बांधून चालावे लागे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात नमूद केले आहे. थुंकी भुईवर पडू नये, पाऊल उमटू नये. म्हणजे मनुष्य होता, पण त्याची खूण उरू द्यावयाची नव्हती.

परदेशांतील उदाहरणे अनेक आहेत. एकच सांगतो, कारण त्यात शब्द व कृती ह्यांमधील अंतर फार थोडे होते. आफ्रिकेत रुआंडा नावाचा लहानसा देश आहे, आणि तेथील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. १९९४ साली तेथे नभोवाणीवरून तुत्सी लोकांस ‘झुरळे’ म्हणत. त्या वर्षी सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सी स्त्रीपुरुष व मुले मारिली गेली, पुष्कळदा शेजाऱ्यांच्याच हातांनी, आणि कित्येक तर आश्रयासाठी शिरलेल्या मंदिरांत, जेथे मारणारे व मरणारे आदल्या रविवारपर्यंत एकत्र बसत होते. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या नभोवाणीच्या चालकांस शिक्षा दिली. केवळ शब्द बोलल्याबद्दल ही शिक्षा नव्हती, तर त्या शब्दांनी वंशसंहार घडविल्याबद्दल होती. झुरळ मारताना कोणी प्रार्थना करीत नाही. म्हणूनच तो शब्द निवडिला होता.

ह्या शब्दाचा उपयोग करिताना दोन सावधगिऱ्या ठेवाव्या. एक अशी की, प्रत्येक अपमानाला अमानुषीकरण म्हणू नये. सासूने सुनेला रागाने ‘गाढव’ म्हटले, शिक्षकाने मुलाला बैल म्हटले, हे वाईट आहे. पण संध्याकाळी तीच सासू सुनेला ताप आला म्हणून काढा करिते. राग उतरल्यावर जे उतरते ते भांडण. जे शांतपणे, हिशेबाच्या वहीत, पिढ्यान् पिढ्या चालते त्याला हा शब्द राखून ठेवावा. नाहीतर तो उगाळून बोथट होईल. दुसरी सावधगिरी अधिक कठीण आहे. ज्यांनी हा अन्याय केला त्यांस व्यासपीठावरून राक्षस, पशू, नराधम म्हणण्याचा मोह उपदेशकास होतो, आणि लोकांस तसे ऐकणे आवडते. परंतु त्यांस पशू म्हटले की त्यांचा जबाब संपला. वाघाला कोणी न्यायालयात उभे करीत नाही. मुकादम, पाटील, कायदा करणारे गोरे साहेब, हे सगळे माणसेच होते व आहेत, म्हणूनच त्यांस विचारता येते. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेविषयी जे आहे त्याचा रोख इकडेही आहे, आणि तेथे अमक्या माणसाला वगळा असे लिहिलेले नाही.

मार्काच्या सातव्या अध्यायातील सुरफुनीकी बाईची कथा वर्गात कोणीतरी काढतेच, कारण तेथे कुत्र्यांचा उल्लेख आहे. ‘तेथे काय सांगावे?’ असा प्रश्न आमच्या बंधूंनी केला. टीकाकार सांगतात की मूळ भाषेतला शब्द घरातल्या लहान कुत्र्यांचा आहे. तसे असेल, पण एवढ्याने शब्द मऊ झाला असे सांगून घाईने पुढे जाऊ नये. ज्या श्रोत्यांनी तो शब्द स्वतःच्या अंगावर झेलला आहे, ते ह्या युक्तीने फसत नाहीत. त्यांचे लक्ष कथेच्या पुढील भागाकडे वळवावे. ती बाई परक्या जातीची असून उत्तर देते. तिचे उत्तर ऐकून घेतले जाते. आणि त्या उत्तरामुळेच, असे स्पष्ट म्हणून, तिचे मागणे दिले जाते. वर आम्ही जो तिसरा प्रश्न सांगितला, उलट बोलण्याची मोकळीक आहे की नाही, त्याचे उत्तर त्या घरात काय होते ते श्रोत्यांनी स्वतः ठरवावे.

आता कामाचे बोलू. येत्या हंगामात फडावर टोळ्या उतरल्या म्हणजे उपदेशक बंधू व बायबलबाया कोप्यांत भेटीस जातीलच. भेटीच्या वहीत ‘अमुक शिवार, आठ कोयते’ असे लिहिण्याची चाल पडली असेल तर ती बदलावी. पुरुषाचे नाव, स्त्रीचे नाव वेगळे, मूळ गाव, मुलांची नावे, वये व इयत्ता, असे लिहावे. ह्याचा तत्काळ उपयोगही आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे जवळच्या शाळेत वयानुसार बसवून घ्यावेच लागते, आणि मागील शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही. पुष्कळ आईबापांस हे ठाऊक नसते, व काही शाळांतूनही त्याची आठवण करून द्यावी लागते. वही घेऊन शाळेत जावे. गुरुजी मुलाचे नाव, वय व इयत्ता विचारतील. तेवढे वहीत लिहिलेले असले म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला नेऊन बसविता येते.